शेंदराखालचा आकडा

माझ्या सासूबाईंना दोन जावई. थोरला धुळ्याचा ठेकेदार आणि धाकटा मी, एदलाबादच्या शाळेतला मास्तर. एवढं सांगितलं तरी निम्मी गोष्ट कळते. उरलेली निम्मी होडीची आहे.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची वर्षं ती. साडूला आमच्याच तालुक्यात रस्त्याचं काम मिळालं आणि तो धुळ्याहून बिऱ्हाड घेऊन दोन वर्षांसाठी आमच्या उरावर येऊन बसला. 'उरावर' हा शब्द मी विचार करून वापरतो आहे. धुळ्याला होता तोवर त्याचं वैभव मला ऐकू तेवढं येत असे. आता ते दिसूही लागलं. त्याचं घड्याळ, त्याचा घोडा, त्याच्या बायकोच्या पाटल्या. त्याची बायको म्हणजे माझ्या बायकोची सख्खी बहीण. त्यामुळे त्या पाटल्यांचा आवाज आमच्या स्वयंपाकघरात रोज संध्याकाळी येत असे, पाटल्या तिकडे असल्या तरी.

मग त्यानं होडी घेतली. कुणा बदली झालेल्या साहेबाची होती ती. साहेब तिच्यातून तापीवर बदकं मारीत असे. हिरवी, नाकाशी निमुळती, मागे गादीची बैठक आणि वर कापडी छत्री. तापी आणि पूर्णा मिळतात त्या चांगदेवच्या घाटावर ती बांधलेली असायची. घाटावर पिढ्यान्‌पिढ्या होड्या होत्या. माणसं उतरवणाऱ्या, वाळू वाहणाऱ्या, मासे धरणाऱ्या. पण नुसतं बसायचं, फिरायचं आणि परत यायचं, एवढ्यासाठी होडी असते हे लोकांनी प्रथमच पाहिलं. रविवारी साडू छत्रीखाली बसून पान खात मधल्या धारेतून जायचा आणि काठावरची माणसं हातातली कामं टाकून बघायची. मी पण बघायचो. मी काठावर का होतो, असं बायकोनं विचारलं तर मी म्हणायचो, मुलांना भूगोल शिकवायला नदी प्रत्यक्ष पाहावी लागते.

तीन रविवार मी हा भूगोल सोसला. चौथ्या रविवारी एका म्हाताऱ्या नावाड्याकडून त्याची अडगळीत पडलेली होडी घेतली. हा नावाडी मूळचा शिरपूरकडचा. सगळा घाट त्याला आबा म्हणे. आम्ही दोघांनी मिळून तिच्या फटींत तेलात भिजवलेला काथ्या ठोकला, वरून डांबर फासलं. छत्री नव्हती, गादी नव्हती. पण मी तिच्यात उभा राहिलो तेव्हा मला असं वाटलं की पडदा वर गेला आहे आणि पहिलं वाक्य माझंच आहे. गणपतीतल्या नाटकांत मी दर वर्षी राजा व्हायचो, त्यामुळे हे वाटणं मला नवीन नव्हतं.

आता मुद्दा सासूबाईंचा. आमच्याकडे सासूला मामी म्हणतात, मीही तेच म्हणतो. मामींचं गाव तापीच्याच काठी, पण वर, बऱ्हाणपूरच्या बाजूला, म्हणजे आपला मुंबई इलाखा संपून मध्यप्रांत सुरू झाल्यावर दोन-तीन कोसांवर. त्या वर्षी त्यांची कंबर धरली होती. बैलगाडीत बसवत नव्हतं. आणि त्यांच्या मनात एकच होतं, त्रिपुरी पौर्णिमेला संगमावर स्नान. श्रावणात त्यांनी निरोप पाठवला : नदीतून नेता आलं तर या वर्षी होईल, नाही तर राहील.

निरोप दोन्ही जावयांना एकाच माणसाबरोबर आला होता. त्यात कोणी न्यावं हे म्हटलं नव्हतं. मामींचा स्वभाव तसाच. ताटात एकच पुरणपोळी उरली तर ती दोन जावयांच्या मधोमध ठेवून त्या आत निघून जात.

त्या रात्री माझी बायको एवढंच म्हणाली, "लग्नात आईनं अक्काची ओटी आधी भरली. ती थोरली, ठीक आहे. पण तेव्हापासून आमच्या घरी सगळं तसंच चाललंय." मग ती भांडी आवरायला लागली. मला कळलं की मामी माझ्याच होडीतून संगमावर यायला हव्यात. दुसऱ्या कोणत्याही होडीतून आल्या तर मला त्या घरात पुढची चाळीस वर्षं दुसऱ्या पंगतीला बसावं लागेल.

पण इलाख्याची हद्द ओलांडायची तर होडीची नोंद लागते, हे आबांनी सांगितलं. हद्दीवर नदीकाठी नाका होता. मासेमारीच्या होड्या आपापल्या हद्दीत राहात, त्यांना कोणी विचारत नसे. बाहेरच्या होडीला मात्र तालुक्याच्या कचेरीतला दाखला हवा, नाकाच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगात नंबर हवा, आणि दाखल्यावरचा नंबर व होडीवरचा नंबर एकच हवा. मग परमुलखात दोन महिने खुशाल फिरा.

मी कचेरीत गेलो. तिथले कारकून, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणत असू, फार सज्जन गृहस्थ. त्यांनी घाटावर येऊन स्वतः दोरीनं होडी मोजली, लांबी-रुंदी लिहून घेतली आणि परत जाऊन एक नवं कोरं बाड उघडलं. हौशी होड्यांचं बाड. त्यात एकच ओळ भरलेली होती.

ती साडूची. माझ्याआधी पंधरा दिवस तो येऊन गेला होता. नंबर एक. 'कशासाठी' या रकान्यात भाऊसाहेबांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'स्वतःच्या हौसेखातर'. आता त्यांनी त्याखाली माझी ओळ सुरू केली. नंबर दोन. आणि 'कशासाठी'च्या खाली लिहिलं, 'वरीलप्रमाणे'.

मी पाहातच राहिलो. काथ्या ठोकायची, डांबर फासायची, बोटं सोलून घ्यायची माझी सगळी हौस, आणि सरकारदरबारी ती 'वरीलप्रमाणे'.

मी भाऊसाहेबांना अतिशय गोड आवाजात विचारलं की नंबर दोनच द्यायला हवा का. अकरा दिला तर? अकरा दिसायलाही चांगला दिसतो, उभा. त्यांनी टाक खाली ठेवला.

"आणि मास्तर, दोन ते दहा कुठं बुडाल्या म्हणून लिहू?"

मी तो टाक उचलून परत त्यांच्या हातात दिला. पण माझी फजिती तेवढ्यावर थांबायची नव्हती. बाडातल्या पहिल्या ओळीनंतरच्या दाखल्याला साक्षीदार लागत होता. त्यानं होडी पाहिलेली असावी आणि तो स्वतः नोंदलेल्या होडीचा मालक असावा. बाडात एकच ओळ, म्हणजे साक्षीदारही एकच. मला साडूच्या दारात जावं लागलं.

त्यानं मला चहा दिला. दाखला वाचला. सही करताना वळणदार शेपूट काढलं आणि म्हणाला, "मास्तर, तुमच्या होडीला माझीच सही. बघा, उपयोगाला आलो की नाही."

चहात साखर जास्त होती, तरी तो कडू लागला.

नवरात्र संपलं. दसऱ्याला आपल्याकडे ज्यानं पोट भरतं त्या प्रत्येक वस्तूची पूजा होते. नांगर, तराजू, वस्तरा, शिवणयंत्र. आबांनी घाटावरच्या सगळ्या होड्या धुऊन काढल्या, झेंडूच्या माळा घातल्या आणि तेलात कालवलेला शेंदूर घेऊन प्रत्येकीच्या नाकावर स्वस्तिक काढायला सुरुवात केली. साडूच्या होडीवर त्यांनी नंबरच्या वर, बोटभर जागा सोडून, छोटंसं स्वस्तिक काढलं. आबा वाचायला शिकलेले नव्हते, पण रंगवलेल्या जागेचा मान राखायचे.

मग माझ्या होडीची पाळी आली. शेंदराची वाटी माझ्या हातात होती. दोन्ही अंगांना पांढरेशुभ्र दोन माझ्याकडे बघत होते.

सगळ्यांना मी पुढे सांगितलं की लक्षात आलं नाही. पण आता लिहायलाच बसलो आहे तर खोटं कशाला. मी आबांना म्हटलं, "आबा, एवढंसं काय काढता? मोठं काढा. आणि नुसतं स्वस्तिक नको, मागे सगळा शेंदराचा पट्टाच द्या. मारुतीला देतात तसा." आबांना भक्तीचा उमाळा आला. त्यांनी दोन्ही अंगांना हातभर पट्टा दिला, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडू. दोन गेला. माझी होडी घाटावरची सगळ्यांत थाटाची होडी झाली, आणि तिला नंबर नव्हता. मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं आणि इतका खूश झालो की शेजाऱ्यांना सोनं वाटताना प्रत्येकाला दोन-दोन पानं दिली.

तेलातला शेंदूर वाळला की दगडासारखा होतो, हे ज्यानं कधी देवळात खांब पाहिला आहे त्याला सांगायला नको.

पौर्णिमेच्या दोन दिवस आधी मी आणि आबा निघालो. साडू कामाचं बिल मंजूर करून घ्यायला एक दिवस मागे राहणार, ही बातमी मी काढली होती. धारेविरुद्ध जायचं म्हणजे जिथे खोल तिथे वल्ही, जिथे उथळ तिथे बांबू, आणि खळाळ आला की काठावरून दोर ओढायचा. माझ्या तळहातांची साल गेली. पण मी गुणगुणत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हद्दीचा नाका आला. नाकेदार काठावर दगडावर बसून दाढी करवून घेत होता. तोंडाला फेस, वस्तरा गळ्याशी. आमची झेंडूची होडी पाहून त्यानं मान न हलवता हातानं 'जा' अशी खूण केली. मला वाटलं, हा माझा मान.

संध्याकाळी आम्ही मामींच्या दारी होतो. साडू आला नव्हता. वाटेतल्या कुठल्याशा उथळाला त्याची छत्रीवाली होडी रुतली होती, असं मागून येणाऱ्या एका कोळ्यानं सांगितलं. मी चेहरा गंभीर ठेवून "अरेरे" म्हटलं. पुढे बायकोला हे सांगताना मी ते अरेरे दोनदा करून दाखवलं.

पहाटे मामींना उशा लावून होडीत बसवलं. बरोबर एक गाठोडं, दिव्यांसाठी पानांचे द्रोण आणि तुपाची लहान बरणी. नदी उताराची, ऊन कोवळं, दोन्ही काठांना कपाशी फुटलेली. मामी म्हणाल्या, कंबर काही बोलत नाही आज. मी वल्हं मारता मारता आभाळाकडे बघितलं. कुणी छायाचित्र काढणारा तिथे असता तर बरं झालं असतं.

नाक्यावर नाकेदार उभा होता, गुळगुळीत दाढीचा आणि कामात. त्यानं दाखला घेतला, वाचला, होडीभोवती गुडघाभर पाण्यात एक फेरी मारली आणि हिंदीमिश्रित मराठीत विचारलं की नंबर कुठे आहे.

मी शेंदराकडे बोट दाखवलं. खाली आहे म्हणालो. त्यानं सांगितलं की कागदावर दोन आहे आणि होडीवर देव आहे. देवाला तो अडवत नाही, पण कागदावरची होडी हीच कशावरून? शेंदूर खरवडून आकडा दाखवा, नाही तर ओळख पटवणारा कोणी आणा. तोवर होडी इथेच.

मी कमरेचा चाकू काढला. आबा मध्ये आले.

"भाऊ, दसराना शेंदूर शे हाऊ. त्याले चाकू लागत नही. मी तं लावू देवाव नही."

मी मामींकडे पाहिलं. त्यांनी पदर डोक्यावर नीट घेतला आणि मान हलवली. शेंदरावर चाकू चालवलेल्या होडीत बसून त्या संगमावर जाणार नव्हत्या, हे बोलायची त्यांना गरजही वाटली नाही. ज्या पट्ट्यानं मी दोनाला गाडलं होतं, त्या पट्ट्याला हात लावायचा अधिकार आता माझा राहिला नव्हता.

आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून छत्री दिसली.

आयुष्यात मला पुष्कळ छत्र्या दिसल्या, पण त्या छत्रीइतकी हळू येणारी दुसरी नाही. हिरवी होडी आमच्या शेजारी येऊन लागली. पांढरा एक पुसून लख्ख केलेला. साडूनं सगळं ऐकून घेतलं. मग तो अगदी मनापासून, आणि त्याचाच मला जास्त राग आला, मामींना म्हणाला, "मामी, खोळंबा कशाला? माझ्या होडीत या. छत्री आहे, गादी आहे. मास्तर मागून येतील."

मामींनी छत्रीकडे पाहिलं. ऊन चढत होतं. त्यांचा हात होडीच्या काठावर गेला. माझ्या बायकोनं भांडी आवरताना पाठ वळवली होती ती मला डोळ्यांसमोर दिसली.

मी दाखला उलटा केला. तळाशी साक्षीदाराची सही होती, शेपटासकट. मी तो कागद नाकेदारापुढे धरला आणि म्हटलं, ओळख पटवणारा हवा ना? हा काय, समोर उभा आहे. यानंच पाहून सही केली आहे.

नाकेदारानं साडूला विचारलं, सही तुमची? साडू हो म्हणाला. मग ही तीच होडी का? साडूनं माझ्या होडीकडे असं पाहिलं की जणू ती आजच नदीतून वर आली आहे. एक पाय तिच्या काठावर ठेवला. हनुवटी खाजवली.

"ओळखतो ना. घरचीच आहे. पण कितवी ते नाही आठवत. मास्तर, तुम्हीच सांगा."

मी पुटपुटलो.

"वारा आहे मास्तर. ऐकू नाही आलं."

वारा नव्हता. नदी काचेसारखी होती. मी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा मामींकडे, आणि मग म्हटलं, असंच आहे तर होऊ दे. मी फळीवर उभा राहिलो, उजवा हात पुढे केला आणि गणपतीतल्या राजाच्या आवाजात, पलीकडच्या काठावर गुरं पाणी पीत होती त्यांनी मान वर करावी अशा आवाजात, सांगितलं :

"ही होडी माझी. हिचा नंबर दोन. पहिली तुमची."

नाकेदार हसला. साडूही हसला, पण त्याला जेवढं हसायचं होतं तेवढं हसू त्याला आलं नाही, कारण मामींनी होडीच्या काठावरचा हात परत घेऊन मांडीवर ठेवला होता.

"दोन तं दोन," त्या म्हणाल्या. "एवढं वरडाचं काय व्हतं? चाला जवाईबापू, ऊन व्हते."

त्या माझ्याच होडीत राहिल्या. मी जिंकलो. हे एवढं वाक्य लिहायला मला बरं वाटतं म्हणून ते वेगळं लिहिलं. कारण तिथून संगमापर्यंत, सबंध उताराच्या वाटेवर, मामी माझ्या होडीत बसून थोरल्या जावयाचं कौतुक करीत होत्या. किती मनाचा मोठा, स्वतःची होडी देत होता, गादीसुद्धा. किती शांत, तुमच्यासारखा वरडत नाही. साडू शेजारून मोकळी होडी हाकत येत होता. छत्रीची सावली रिकाम्या गादीवर पडत होती. तो ऐकत होता, पण त्याच्या डोळ्यांत काही कौतुकाचा आनंद दिसेना. तो सारखा माझ्या होडीतल्या उशांकडे बघत होता. संध्याकाळी स्नान झालं, मामींनी द्रोणात दिवे सोडले, आणि दोन्ही मुलींनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून वर आणलं. माझी बायको उजव्या बाजूला होती. त्या रात्री मला पोळीवर तूप न मागता मिळालं.

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याचं काम संपलं. निघायच्या आधी साडू माझ्याकडे आला. थोडा वेळ शाळेबद्दल, मुलांबद्दल बोलला. मग म्हणाला की धुळ्याला होडी काय कामाची, पांझरेत पाणी कुठं असतं. अदलाबदल करू या का? माझी तुम्ही घ्या, छत्री, गादी, नंबर एक, सगळ्यासकट. तुमची मला द्या.

मी विचारलं, धुळ्याला होडीचा उपयोग नाही तर माझ्या होडीचा काय?

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "मामी सगळ्या गावाला सांगतात, मी होडीतून गेले म्हणून. माझ्या होडीत त्या कधी बसल्याच नाहीत."

मित्रहो, नंबर एक माझ्या दाराशी चालत आला होता. आठ दिवस मी त्याला विचार करतो असं सांगून ठेवलं आणि ते आठ दिवस मी सणासारखे घालवले. सकाळी उठलो की वाटायचं घ्यावी, रात्री वाटायचं न द्यावी, आणि दोन्ही वेळा गुदगुल्या सारख्याच व्हायच्या. शेवटी नाही म्हणालो. त्यानं जे मागितलं ते त्याच्याकडे नव्हतं आणि माझ्याकडे होतं, आणि हे आयुष्यात एकदाच घडलं होतं.

हिरवी होडी बैलगाडीवर पालथी घालून धुळ्याला गेली.

दोन वर्षांनी काही कामानं मी धुळ्याला गेलो आणि साडूच्या घरी उतरलो. मामी मुलीकडे राहायला आल्या होत्या. अंगणात, लिंबाच्या झाडाखाली, चार विटांवर ती होडी ठेवलेली. हिरवा रंग नवा. एक आकडा ताजा, पांढरा, आणि वर बोटभर जागा सोडून शेंदराचं छोटं स्वस्तिक. छत्री उभी. छत्रीखाली, गादीवर, पाय लांब करून मामी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. ओसरीत साडू पान लावत होता. त्यानं वर पाहिलं आणि पानाला चुना जरा जास्तच सावकाश लावला. 

मामींनी मला पाहून बाजूला जागा केली.

"या जवाईबापू, बसा," त्या म्हणाल्या. "ही होडी डुलत नाही बिलकूल."